छिन्नी आणि पिन : कार्बन पोलादाच्या हार्डनिंगचे आणि केस हार्डनिंगचे पहिले धडे

लोखंड लालभडक तापवून पाण्यात बुडवले की ते कठीण होते, एवढेच ऐकून जो नवखा माणूस भट्टीपुढे उभा राहतो, त्याची पहिल्याच दिवशी निराशा होण्याची शक्यता फार असते. बाजारातून आणलेली एमएसची (माइल्ड स्टीलची, म्हणजे मऊ पोलादाची) सळई तो तापवतो, पाण्यात घालतो, बाहेर काढून तिच्यावर कानस फिरवतो आणि कानस पूर्वीइतक्याच सहजपणे कापते. यात त्याच्या हाताचा दोष नसतो. कठीणपणाचे मूळ पोलादातल्या कार्बनमध्ये आहे; आग आणि पाणी त्या कार्बनला कामाला लावतात. ज्या सळईत कार्बनच जेमतेम ०.१५ टक्के आहे, तिच्याकडून छिन्नीची धार मागणे व्यर्थ आहे.

या लेखात दोन कामे सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवली आहेत. पहिले काम ईएन ९ या ग्रेडच्या पोलादाच्या छिन्नीचे आहे, ज्यात लागणारा कार्बन मुळातच असतो. दुसरे काम मऊ पोलादाच्या पिनेचे आहे, जिच्या पृष्ठभागात कार्बन आधी मुरवावा लागतो आणि मगच पाणी द्यावे, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवावे लागते. ही दोन कामे नीट समजली की बाकीचे बरेचसे प्रकार त्यांतूनच उलगडतात.

आत काय घडते

साध्या तापमानाला लोखंडाच्या स्फटिकरचनेत कार्बनला जवळपास जागाच नसते. त्यामुळे तो लोखंडाशी संयोग पावून कार्बाइडच्या अतिशय पातळ थरांच्या रूपात वेगळा राहतो. तापमान ७२७ अंश सेल्सियसच्या वर गेले की रचना बदलू लागते, ऑस्टेनाइट तयार होते आणि त्यात कार्बन विरघळतो. आता हे पोलाद सावकाश थंड होऊ दिले, तर कार्बन पुन्हा बाहेर पडून थर धरतो आणि पोलाद मऊ राहते. ते एकदम थंड केले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो, रचना ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाचा अत्यंत कठीण, पण तितकाच ठिसूळ पदार्थ तयार होतो.

मार्टेन्साइट किती कठीण होणार हे मुख्यतः कार्बनच्या प्रमाणावर ठरते. ०.८ टक्के कार्बन असेल तर कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर ६५ च्या आसपास आकडा मिळतो, ०.५५ टक्के असेल तर साधारण ६० पर्यंत जाता येते, आणि ०.१५ टक्क्यांत सगळे मनासारखे जुळून आले तरी मजल ४० च्या आसपासच थांबते. शिवाय कार्बन कमी असला की मार्टेन्साइट तयार होण्यासाठी इतक्या झपाट्याने थंड करावे लागते, की जाड जॉबच्या, म्हणजे हाताखालच्या तुकड्याच्या, बाबतीत ते पाण्यातही साधत नाही.

पोलाद ओळखल्याशिवाय भट्टी पेटवू नये

माझे स्पष्ट मत आहे की शिकणाऱ्याने भंगारातल्या तुकड्यावर हात बसवू नये. दुकानदाराकडून ग्रेड माहीत असलेली सळई घ्यावी. ईएन ८ मध्ये सुमारे ०.४ टक्के, ईएन ९ मध्ये ०.५० ते ०.६० टक्के, तर केस हार्डनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ईएन ३२ मध्ये ०.१० ते ०.१८ टक्के कार्बन असतो. सळईच्या टोकाला दुकानात रंग लावलेला असतो. तुकडा कापताना ते टोक शिल्लक ठेवावे आणि कापलेल्या तुकड्यावर लगेच ग्रेड ठोकून घ्यावा, कारण चार दिवसांनी सगळ्या सळया सारख्याच दिसतात.

ट्रकच्या कमानीचा पाटा आपल्याकडे लोहार कोयत्या-कुऱ्हाडींसाठी सर्रास वापरतात आणि तो चांगला मालही आहे. पण त्यात सिलिकॉन आणि मँगेनीज, काही पाट्यांत क्रोमियमही मिसळलेले असते, म्हणून तो साधे कार्बन पोलाद नव्हे. त्याला तेल पुरते, आणि पाण्यात घातला तर तडकण्याचा धोका मोठा असतो.

अनोळखी तुकड्याची परीक्षा ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून बऱ्यापैकी करता येते. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर रेघांसारख्या जातात व त्यांना फाटे थोडेच फुटतात. कार्बन वाढत जातो तशा रेघा आखूड होतात आणि टोकाशी चांदण्या दाट फुटू लागतात. शेजारी ईएन ९ चा माहितीतला तुकडा धरून तुलना केली, तर अंदाज बराच पक्का होतो.

साहित्य आणि सावधगिरी

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि कंट्रोलर असलेली छोटी विजेची मफल (बंद कप्प्याची) भट्टी असेल तर उत्तमच. नसेल तर लोणारी कोळशाच्या भट्टीवरही छिन्नीचे काम चांगले होते. पिनेचे काम मात्र तापमान तासन्‌तास स्थिर ठेवल्याशिवाय होत नाही. लांब दांड्याची सांडशी, जॉब पूर्ण बुडेल एवढी खोल बादली, झाकण असलेला लोखंडी तेलाचा डबा, जुनी पण दात शाबूत असलेली कानस आणि तारेला बांधलेले चुंबक एवढे जवळ ठेवावे.

काम सावलीत करावे, पण बंद खोलीत करू नये. सावली हवी कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात फसवतो: उन्हात जो तुकडा मंद लाल दिसतो, तो प्रत्यक्षात कितीतरी अधिक तापलेला असतो. मोकळी हवा हवी कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो जीव घेतो. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बंद बूट, डोळ्यांवर चष्मा असावा. नायलॉन किंवा टेरिकॉटचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा तापवू नये, दोन्ही तोंडे बंद असलेली नळी भट्टीत घालू नये, आणि ओली सांडशी किंवा ओला जॉब गरम तेलाजवळ नेऊ नये. तेलाने पेट घेतलाच तर डब्यावर झाकण सरकवावे. पाणी कधीही टाकू नये.

पहिले काम : छिन्नी

१६ मिलिमीटर जाडीची ईएन ९ ची सळई सुमारे १७५ मिलिमीटर लांब कापावी. टोक तापवून, ठोकून चपटे करावे आणि धारेचा कोन साधारण ६० अंश ठेवून घासून घ्यावे. धार अगदी पातळ करू नये. तिथे अर्धा मिलिमीटर जाडी राहू द्यावी, कारण पातळ कड आधी जळते आणि पाण्यात आधी तडकते. घणाने ठोकलेल्या पोलादात ताण राहिलेले असतात आणि आतले कण मोठे व असमान झालेले असतात. म्हणून छिन्नी एकदा साधारण ८४० अंशांपर्यंत तापवून हवेत, वारा न लागणाऱ्या जागी, निवू द्यावी. यालाच नॉर्मलायझिंग म्हणतात. घाईत ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे तडा गेला की दोष पाण्याला देतात.

आता हार्डनिंग. धारेकडचा ५० ते ६० मिलिमीटर भाग ८१० ते ८४० अंशांपर्यंत तापवायचा आहे. भट्टीत मीटर असेल तर जॉब तापमानाला आल्यावर पंधरा-वीस मिनिटे तिथे राहू द्यावा. कोळशावर काम करत असाल तर चुंबकाची मदत घ्यावी: सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला दाद देईनासे होते. चुंबक सुटले की रंग त्याहून थोडा उजळ, पक्क्या चेरीसारखा लाल, होईपर्यंत आणखी तापवावे आणि तिथेच थांबावे. रंग नारिंगीकडे झुकू देऊ नये. जास्त तापवल्याने कठीणपणा वाढत नाही. कण मात्र फुगतात आणि धार पहिल्याच फटक्यात तुटते. भाता हळू चालवावा आणि छिन्नी हवेच्या झोतासमोर न ठेवता निखाऱ्यांच्या पोटात ठेवावी, म्हणजे पृष्ठभागावरचा कार्बन जळून जात नाही.

पाणी साधारण २५ ते ३० अंशांचे असावे. बर्फाचे पाणी नको. छिन्नी उभी धरून धारेकडचा २५ ते ३० मिलिमीटर भाग पाण्यात घालावा आणि लगेच हलवू लागावे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो, तशीच वाफेची गादी तापलेल्या पोलादाभोवती तयार होते आणि पाण्याला त्याच्याशी भिडू देत नाही. जॉब हलवत राहिल्याने ती गादी तुटते. पाण्यात पाच ते दहा टक्के मीठ घातले तर ती आणखी लवकर मोडते, पण तडकण्याचा धोकाही तेवढा वाढतो, म्हणून छिन्नीला साधे पाणीच बरे. हलवताना छिन्नी थोडी वर-खालीही करावी. एकाच रेषेवर पाणी थांबले तर त्या रेषेवरच तडा जातो. हे अर्धवट बुडवण्याचे काम तेलात करू नये, कारण वर राहिलेला लालबुंद भाग तेलाच्या पृष्ठभागाला लागून ते पेट घेते. तेल वापरायचे असेल तर ते ५० ते ६० अंशांना कोमट करून जॉब पूर्ण बुडवावा.

यापुढची दोन मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत. टोकाची सळसळ थांबली की छिन्नी बाहेर काढावी; वरच्या दांड्यात अजून भरपूर उष्णता शिल्लक असते. पॉलिश पेपर गुंडाळलेल्या पट्टीने टोकाची एक बाजू झटपट घासून चकचकीत करावी आणि नजर तिथेच ठेवावी. थोड्या वेळात चकाकीच्या वरच्या कडेला फिकट पेंढ्यासारखा पिवळा रंग उमटतो आणि धारेच्या दिशेने उतरू लागतो. त्याच्या मागून गडद पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा पट्टा येतो. फिकट पिवळा साधारण २२० अंशांचा, तपकिरी २६० चा, जांभळा २८० चा आणि निळा ३०० च्या आसपासचा असतो. जांभळ्याची पहिली छटा धारेपर्यंत पोहोचली की टोक पुन्हा पाण्यात घालावे, आणि दांड्याची लाली पूर्ण गेली असल्याची खात्री झाल्यावर सगळी छिन्नी गार करावी. पट्टे फार भराभर पळत असतील तर दांड्यात उष्णता जास्त आहे असे समजून टोक क्षणभर पाण्याला लावावे. रंग मध्येच थबकले तर दांडा पुन्हा थोडा शेकावा.

हे टेंपरिंग आहे. त्यात कठीणपणा थोडा सोडून चिवटपणा मिळवला जातो, आणि तो सौदा प्रत्येक हत्याराला करावाच लागतो. घराच्या स्लॅबमधली टीएमटी सळई याच तत्त्वावर बनते: रोलिंग मिलमधून निघालेल्या लाल सळईवर पाण्याचे जोरदार फवारे मारून तिची बाहेरची कड कठीण केली जाते आणि आत उरलेल्या उष्णतेने तीच कड टेंपर होते.

रंगांची ही भाषा फक्त झटपट तापवण्यापुरती खरी आहे. तोच तुकडा तासभर ओव्हनमध्ये ठेवला तर कमी तापमानालाही गडद रंग चढतो, म्हणून ओव्हनमध्ये थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. आणि पाणी दिलेला जॉब टेंपर न करता रात्रभर ठेवू नये. आतले ताण इतके असतात की तो पडल्या जागी, कोणी हात न लावता, तडकू शकतो.

छिन्नीचे डोके, म्हणजे हातोडा पडतो ते टोक, मऊच राहिले पाहिजे. ते कठीण झाले तर फटक्यासरशी त्याची कपची उडून डोळ्यात जाते.

खरी छिन्नी करण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. माझ्या मते तो दहा व्याख्यानांच्या तोडीचा आहे. त्याच पोलादाचे तीन बारीक तुकडे घेऊन प्रत्येकाला मध्यभागी करवतीने खाच पाडावी. एक ७०० अंशांना, दुसरा ८३० ला आणि तिसरा ९५० च्या पुढे तापवून तिन्ही पाण्यात घालावेत. मग फडक्यात गुंडाळून, पकडीत धरून, खाचेवर तोडावेत. पहिला मऊच राहतो आणि तुटण्याआधी वाकतो. दुसऱ्याची तुटलेली बाजू मखमलीसारखी करडी आणि बारीक दिसते. तिसऱ्याची बाजू खडीसाखरेसारखी चमचमते. तोच तो जास्त तापवल्याचा दोष.

दुसरे काम : पिन

सांध्यात फिरणाऱ्या पिनेला दोन परस्परविरोधी गोष्टी लागतात. बाहेरून ती झिजता कामा नये आणि धक्का बसला तर आतून तुटता कामा नये. ईएन ९ ची पिन पूर्ण कठीण केली तर झीज थांबते, पण धक्क्याची भीती राहते. म्हणून मऊ पोलादाची पिन घेऊन तिच्या फक्त एखाद मिलिमीटर जाडीच्या कवचात कार्बन मुरवायचा आणि गाभा चिवट ठेवायचा, हा केस हार्डनिंगमागचा मूळ विचार आहे.

२० मिलिमीटर व्यासाची ईएन ३२ ची पिन लेथवर करून घ्यावी. शेवटच्या ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.३ मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा, त्याहून जास्त ठेवू नये, नाहीतर कष्टाने मिळवलेले कवच ग्राइंडिंगमध्येच निघून जाते. कोपऱ्यांना गोलाई द्यावी. आटे किंवा कॉटर पिनचे छिद्र असलेला भाग मऊ राहायला हवा असेल, तर तिथे व्यास तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवून, कार्बन मुरल्यानंतर पण पाणी देण्याआधी तो भाग टर्न करून मूळ मापावर आणावा आणि छिद्रही तेव्हाच पाडावे. जुन्या टर्नर मंडळींची ही युक्ती कार्बन रोखण्यासाठी मातीचे लेप देण्यापेक्षा कितीतरी खात्रीची आहे.

चार-पाच मिलिमीटर जाड पत्र्याची वेल्डिंग केलेली पेटी घ्यावी. लोणारी कोळसा फोडून तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे करावेत, भुकटी चाळून टाकावी आणि कोरड्या दाण्यांत वजनाच्या दहा टक्के धुण्याचा सोडा मिसळावा. कारखान्यांत यासाठी बेरियम कार्बोनेट वापरतात. ते विषारी आहे, घरच्या शेडमध्ये त्याची गरज नाही. सायनाइडच्या मिठात जॉब बुडवण्याची पद्धतही जुनी आणि झटपट आहे, पण ती परवाना, प्रशिक्षण आणि वायुवीजनाची पक्की व्यवस्था असलेल्या कारखान्याबाहेर कोणीही, कोणत्याही कारणासाठी करू नये.

पेटीच्या तळाला २५ मिलिमीटर थर घालून पिना उभ्या ठेवाव्यात. त्या एकमेकींपासून आणि भिंतींपासूनही तेवढ्याच दूर असाव्यात. वरपर्यंत मिश्रण दाबून भरावे. झाकण फायरक्लेने (आच सोसणाऱ्या मातीने) लिंपावे, वेल्डिंग कधीही करू नये. आत वायू तयार होतो आणि त्याला लिंपणातून थोडी वाट मिळायलाच हवी. झाकणाच्या छोट्या छिद्रातून त्याच पोलादाच्या सहा मिलिमीटर जाड दोन सळया आत खोचून ठेवाव्यात. त्या पुढे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात.

पेटीतल्या थोड्याशा हवेतला ऑक्सिजन कोळशाबरोबर जळून शेवटी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो पिनेच्या पृष्ठभागावर आपला कार्बन सोडतो, कार्बन डायऑक्साइड होऊन कोळशाकडे परततो आणि पुन्हा कार्बन मोनॉक्साइड होतो. सोडा या फेऱ्यांना वेग देतो. म्हणजे पिनेला कोळसा चिकटलेला असण्याची गरज नसते. काम वायू करतो.

भट्टी ९२५ अंशांवर ठेवावी. पेटीच्या मध्यभागी तेवढी उष्णता पोहोचायला भट्टीच्या मीटरपेक्षा तासभर किंवा जास्तही उशीर लागतो, म्हणून वेळ तिथून मोजावा. या तापमानाला कार्बन साधारणपणे पहिल्या तासात ०.६ मिलिमीटर आणि चार तासांत १.२५ मिलिमीटर खोल जातो. खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दुप्पट खोली हवी तर चौपट वेळ द्यावा लागतो. यातला पूर्ण कठीण होणारा भाग एकूण खोलीपेक्षा कमी असतो, हेही हिशेबात धरावे. आपल्या पिनेला चार तास पुरेत. तीन तासांनी एक साक्षीदार सळई ओढून काढावी, लाल असतानाच पाण्यात घालावी आणि खाच पाडून तोडावी: कडेला बारीक, करड्या रंगाचे कवच आणि आत जाडसर, तंतुमय गाभा असा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. कवच पट्टीने मोजून उरलेला वेळ ठरवावा.

वेळ झाली की पेटी बंदच ठेवून निवू द्यावी. पेटीतून काढून पिन थेट पाण्यात टाकण्याचा मोह होतो, पण इतके तास ९२५ अंशांना राहिल्याने कण मोठे झालेले असतात आणि पिन वाकण्याची शक्यताही जास्त असते. साध्या पिनेला ती गार झाल्यावर पुन्हा ७७० ते ७८० अंशांपर्यंत तापवून पाणी द्यावे. हे तापमान कार्बनने भरलेल्या कवचाला नेमके पुरते. कमी कार्बनचा गाभा त्या तापमानाला पूर्ण बदलत नाही, म्हणून मऊ राहतो. धक्के फार बसणार असतील तर आधी ८८० अंशांवरून तेलात थंड करून गाभ्याचे कण बारीक करावेत आणि नंतर हे दुसरे तापवणे करावे. दोन्ही वेळा भट्टीत कोळशाचे चार तुकडे ठेवावेत, म्हणजे पृष्ठभागावरचा कार्बन टिकतो. पिन पाण्यात नेहमी उभीच घालावी. आडवी घातली तर एक बाजू आधी आकसते आणि पिन केळीसारखी वाकते.

लगेचच १६० ते १८० अंशांवर दीड-दोन तास टेंपर करावे. याला घरगुती ओव्हनही चालतो, पण तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. नंतर कानशीने तपासावे: कानस आवाज करत नुसती घसरली तर कवच रॉकवेल सी ६० च्या आसपास आहे. एखाद्या ठिकाणीच ती चावत असेल तर तिथे वाफ अडकली होती किंवा तापताना चढलेली काळी खपली राहिली होती. सगळीकडेच वरवर चावून खाली घसरत असेल तर पृष्ठभागावरचा कार्बन जळाला आहे, आणि तेवढा थर ग्राइंडिंगमध्ये निघून जाईल. ग्राइंडिंग करताना कूलंट (जॉब गार ठेवणारे द्रव) भरपूर सोडावा आणि कट हलके घ्यावेत. कोरड्या, भारी कटाने पृष्ठभाग पुन्हा तापतो आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात, ज्या पिन कामाला लागल्यावरच कळतात.

काय बाहेर द्यावे

भोसरी, शिरोली, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करणारे लोक मिळतात. त्यांच्याकडे माल देताना पोलादाचा ग्रेड, हवी असलेली कवचाची खोली आणि ग्राइंडिंगनंतरचा कठीणपणा या तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. ‘कडक करून द्या’ एवढ्या सांगण्यावर त्यांना काहीच नीट करता येत नाही. गिअर, लांब शाफ्ट आणि मापात राहायलाच हवेत असे भाग तिकडेच करून घ्यावेत. वाहनाचे स्टिअरिंग, ब्रेक, वजन उचलण्याचे हुक आणि साखळ्या यांच्या भागांना मात्र शेडमध्ये कधीही आच लावू नये. ते तयार आणि तपासलेलेच विकत घ्यावेत.